तारवाल्या पलटणीचा मग

बियरचा वास मला सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या घरात जर्मन शिपायांचे बियर प्यायचे पाच जुने मग आहेत हे दिसलं, की पाहुणे हटकून माझ्या नवऱ्याकडे बघतात. तो बिचारा लगेच दोन्ही हात वर करतो. "माझा काही संबंध नाही हो! लोकांच्या बायका पैठण्या जमवतात, आमच्या बाईसाहेब हे जमवतात." एवढं बोलून साळसूद चेहऱ्यानं चहा ओतायला लागतो.

आम्ही शॅननला आलो २०१४ साली. विमानतळ, त्याच्या शेजारी कारखान्यांची इस्टेट आणि तिथल्या माणसांसाठी बांधलेली एकसारखी घरं. मी एका कारखान्याच्या ऑफिसात ड्रॉइंग तपासते. खरं तर मला जायचं होतं जर्मनीला. मी मूळची साताऱ्याकडची, पण कॉलेजला पुण्यात होते, आणि पुण्यात राहून जर्मनचा क्लास लावला नाही तर लोक तब्येतीची चौकशी करतात. मी पाच वर्षं मन लावून शिकले. शंभर वर्षांपूर्वीची ती काळी, टोकदार छापील अक्षरंसुद्धा वाचायला शिकले. मग लग्न झालं, मग नवऱ्याला आयर्लंडची नोकरी लागली, आणि जर्मनी राहिली ती राहिलीच. एवढी शिकलेली भाषा, आणि बोलायला समोर चिटपाखरू नाही. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, उगाच नाही कशाला म्हणू?

पहिला मग लिमरिकच्या एका रविवारच्या बाजारात सापडला. लोक गाडीची डिकी उघडून घरातला जुना पसारा विकायला बसतात, तसला बाजार. फुटक्या किटल्या आणि बाहुल्यांच्या ढिगात अर्ध्या लिटरचा चिनी मातीचा मग होता. वर कथलाचं झाकण, झाकणावर बोटाएवढा शिपाई. अंगावर घोडे आणि तोफा रंगवलेल्या, आणि सोनेरी अक्षरांत जर्मनमध्ये लिहिलेलं: माझ्या नोकरीच्या दिवसांची आठवण. खाली शिपायाचं नाव, पलटण, साल. विकणाऱ्याला वाटलं मी नुसती चित्रं बघतेय. मी ते मोठ्यानं वाचलं. किती वर्षांनी तोंडातून ती भाषा निघत होती, आणि निघाली ती लिमरिकच्या चिखलात, एका मगासमोर.

मग काय, वेडच लागलं. वाचून वाचून कळलं, की पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत तरुणांना दोन-तीन वर्षं सैन्यात सक्तीनं काढावी लागत. ती संपली की घरी जाण्याआधी शिपाई स्वतःसाठी असा मग बनवून घेई. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून घेतात ना, तसाच हौसेचा प्रकार. मगाचा तळ उजेडासमोर धरला की मातीतच कोरलेलं एक चित्र उमटतं. बहुतेक वेळा निरोप घेणारा शिपाई आणि फाटकात उभी मुलगी. मला लढायांत काडीचा रस नव्हता. मला हेवा वाटायचा तो त्या माणसांच्या घरी जाण्याचा. नोकरी संपली, मग घेतला, चालले आपापल्या गावाला! आम्हाला असं कोण सोडतंय? दर वर्षी म्हणायचं पुढच्या वर्षी परत जाऊ, आणि दर वर्षी घराचा करार वाढवायचा.

दोन वर्षांत पाच मग झाले. नकली कुठला, अस्सल कुठला, झाकण मागाहून बसवलेलं का, हे सगळं मला कळायला लागलं. एकच चीज मिळत नव्हती. तारायंत्राच्या पलटणीचा मग. खांब रोवून तारा ओढणाऱ्या त्या पलटणी लहान होत्या, म्हणून त्यांचे मगही दुर्मीळ. मला तो हवा होता, कारण माझे वडील, म्हणजे आबा, आपल्या सैन्यात सिग्नलमध्ये होते. पाठीवर तारेचं रीळ बांधून डोंगर चढण्यात त्यांची तेवीस वर्षं गेली. लहानपणी आमच्या वाट्याला ते वर्षातून दोन महिने यायचे. मी शाळेतून आले की आधी दारात त्यांचे बूट आहेत का बघायची. बहुतेक वेळा नसायचे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. मला मनातून वाटत होतं, यांनी आता इथेच राहावं, परत जाऊच नये. लहानपणीचे ते दहा-दहा महिने मला व्याजासकट वसूल करायचे होते, दुसरं काय! आबा मात्र पहाटे पाचला उठून दाढी करायचे, बूट चमकवायचे आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहायचे. परतीच्या तारखेला किती दिवस उरले ते मोजायचे. "आगं, हितं माणूसच दिसत न्हाय रस्त्याला. बोलायचं कुणासंगं?" मला राग यायचा. मी काय माणूस नव्हते?

सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, "तू जर्मन मग वाचतेस ना? आमच्या गावात एक म्हातारी बाई आहे, तिच्याकडे आहे एक." गाव आमच्याच क्लेअर जिल्ह्यातलं, आर्डनाक्रशाच्या वीजघराजवळचं. शॅनन नदीवरचं ते धरण आणि वीजघर १९२५ ते १९२९ च्या दरम्यान जर्मनांनी बांधलं. शेकड्यांनी जर्मन कामगार तेव्हा आसपासच्या घरांत भाड्यानं राहत. मी शनिवारी एकटीच गेले.

बाई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ताठ, केस पांढरेशुभ्र. स्वयंपाकघरात टर्फची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या विटांची, चूल धडधडत होती आणि टेबलावर घरचा ब्राऊन ब्रेड कापून ठेवला होता. तिनं फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून मग काढला. झाकणावर खांबाला टेकून उभा शिपाई. अंगावर शिडीवर चढलेली माणसं, तारा, पाठीवर रीळ. तारायंत्राची पलटण!

बाईनं सांगितलं ते थोडक्यात असं. तिची आई तरुणपणी आपल्या आईबरोबर याच घरात भाडेकरू ठेवायची. त्यांत एक जर्मन तारवाला होता. काम संपण्याच्या वर्षभर आधी तो गावाकडे जाऊन येतो म्हणाला, आणि परत येईन याची खूण म्हणून हा मग ठेवून गेला. आला नाही. सहा महिन्यांनी ही बाई जन्मली. आईनं पुढे लग्न केलं नाही, त्या माणसाचं नाव घरात कुणी काढलं नाही, आणि आई नाव न सांगताच गेली. मगावर खालच्या पट्ट्यात नाव असणार हे बाईला माहीत होतं. पण एक तर ती अक्षरं तिला लागत नव्हती, आणि दुसरं म्हणजे इतक्या वर्षांच्या चुलीच्या धुरानं त्या पट्ट्यावर काळा थर बसला होता.

"मला फक्त त्याचं नाव हवंय," ती म्हणाली. "माझ्या जन्माच्या दाखल्यावर बापाच्या जागी रेघ आहे. ती तशीच राहू दे. मला माझ्यापुरतं हवंय."

आता माझं पाप ऐका. तो थर ओल्या मऊ कापडानं, जरा धीरानं, तिथेच टेबलावर बसून अर्ध्या तासात निघाला असता. मी असे दोन मग स्वच्छ केले होते. पण मी काय म्हणाले? "अवघड आहे. भिंग लागेल, वेळ लागेल. घरी नेऊ का?" कारण नाव वाचलं की मग परत करावा लागणार होता, आणि मला तो हातातून सोडवेना. बाईनं तो स्वतः टॉवेलात गुंडाळून दिला. "ग्रँड. तुझ्या सवडीनं कर," म्हणाली.

आणि मी खरोखरच माझ्या सवडीनं केलं. पहिल्या आठवड्यात म्हटलं, ऑफिसात काम आहे. दुसऱ्यात म्हटलं, चांगलं भिंग मागवू. रोज संध्याकाळी मी तो मग मांडीवर घेऊन बसायची, झाकण उघडायची, मिटायची. नावाच्या पट्ट्याला बोटसुद्धा लावत नव्हते. बाईचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी वेळ मारून नेली. आबा बघत असायचे. त्यांनी एकदा मग हातात घेतला, रीळवाल्या शिपायावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पट्टा चुकीचा बांधलाय यानं. खांदा सोलून निघंल." त्या दिवशी ते पहिल्यांदा तासभर नोकरीबद्दल बोलले. मग अजून थोडे दिवस राहू दे, याला मला आणखी एक कारण मिळालं.

असे पाच आठवडे गेले. खंडेनवमीचा सोमवार होता. मी कामावरून घरी आले तर दारातच उदबत्तीचा वास. शेकोटीवरच्या फळीवर लाल कापड अंथरलेलं. त्यावर नवऱ्याचा लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर, माझी सुरी, कात्री, सगळ्याला हळदकुंकू. आणि मधोमध मग. असा लखलखीत, की मला आधी ओळखूच आला नाही.

"बघ," आबा खुशीत म्हणाले. "शिपायाची वस्तू, आन काय कळा आली हुती तिला! चिंच लावली, वरनं शेकोटीतली राख. टर्फची राख लई झ्याक हाय, आपल्या गोवरीच्या राखंसारखी. मग तारेच्या घासणीनं काढलं सगळं. आज हत्यारं पुजायची. ह्यो तर आपल्याच खात्यातला."

मी मग उचलला. झाकण आरशासारखं झालं होतं. चित्रं अर्धी उडालेली. आणि खालचा पट्टा कोरा, पांढराफटक. नाव नाही, साल नाही, सोन्याचा कण नाही. मी खिडकीशी नेऊन तिरका धरला, भिंगातून बघितलं, बोटानं चाचपलं. काही म्हणजे काही नाही. फोटो काढला होतास का, असं नवऱ्यानं नंतर विचारलं. शेजारच्या मांजराचे फोनमध्ये चाळीस फोटो होते. त्या पट्ट्याचा एक नव्हता.

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? साताऱ्याचं पितळी पातेलं वाटलं का हे? दिसलं की घास, दिसलं की चमकव! हे माझं घर आहे आबा, तुमची बराक नाही!"

 आबांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि खुर्चीच्या कडेवर बसले. रात्री जेवले नाहीत. आज २०१९ मध्ये ते साताऱ्याला असतात आणि परत या म्हटलं की "बघू" म्हणतात. त्या "बघू"त माझं ते वाक्य आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आई गं, जीभ कशी रेटली माझी!

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी खाली आले तर आबा कोट घालून, बूट घालून दारात उभे. "चल. रिपोर्ट द्यायचा."

"कुणाला?"

"जिची वस्तू हाय तिला. चूक माजी हाय, सांगणार म्याच."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गाडीत त्यांनी मग मांडीवर धरला होता. बराच वेळ गेल्यावर विचारलं, "किती दिवस हुता तुज्याकडं?"

"पाच आठवडे."

"एक नाव वाचायला पाच आठवडं लागत्यात?"

मी गिअर बदलला. 

बाईनं दार उघडलं, आणि माझ्याबरोबर कोट घातलेला परका म्हातारा बघून जरा गोंधळली. माझे वडील, एवढं मी सांगितलं. स्वयंपाकघरात आबांनी मग टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे सरले आणि सावधानमध्ये उभे राहिले. वाटेत मनात घोकलेलं असणार. "मॅडम. आय क्लीन. नेम गॉन. माय मिस्टेक. सॉरी."

बाईनं मग फिरवून पट्टा बघितला. कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. आबांनी सगळं अंगावर घेतलं होतं आणि मला नुसतं गप्प बसायचं होतं. पण मला त्या बोटाकडे बघवेना.

"चूक यांची नाही," मी म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी वाचू शकले असते. मला हा मग सोडवत नव्हता, म्हणून मी खोटं बोलले. वाचलंच नाही. पाच आठवडे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "इस्टेटीत साठ वर्षं जर्मन येताहेत. कुणीही वाचून दिलं असतं. माझी हिंमत होत नव्हती. नाव कळलं, की तो कुणीतरी खरा माणूस होणार, आणि मग तो खरोखरच आला नाही असं होणार. अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली मला हा फळीवरून खाली काढायला. आणि तू तो मांडीवर घेऊन बसलीस."

मला तोंड वर करता येईना. कुणी तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

"काय म्हणाल्या?" आबांनी विचारलं. मी सगळं मराठीत सांगितलं, माझा खोटेपणासुद्धा. त्यांनी माझ्याकडे न बघता मग उचलला आणि फौजी सवयीनं सगळीकडून तपासायला लागले. मगाच्या कानाच्या आत, जिथे घासणी पोचली नव्हती, तिथे दोन्ही बाजूंना काळ्या बारीक अक्षरांच्या ओळी होत्या. "हे काय लिवलंय?"

"त्याच्या तुकडीतली माणसं," मी म्हणाले. "बरोबर नोकरी केलेल्यांची आडनावं. या मगांवर अशी यादी असते."

"आन ह्यो सोता? सोताच्या तुकडीत मालक नसतो व्हय?"

 असतो. मालकाचं नाव यादीतसुद्धा असतं. हे मी इतरांना शिकवत फिरायचे, आणि कालपासून रडण्याच्या नादात मला सुचलं नव्हतं. मी बाईला सांगितलं. इथे एकतीस नावं आहेत, त्यातलं एक त्याचं. पण कुठलं, ते सांगणारं आता काही उरलेलं नाही. ते आम्ही घालवलं.

ती खुर्चीत बसली. 

"त्यांना म्हणावं," आबा हळूच म्हणाले, "हजेरी घेऊ का? यादी हाय तर हजेरी घ्यावी. नावं कानावरनं तरी जातील."

मी इंग्रजीत विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली. मी मग दिव्याखाली धरला आणि पहिलं आडनाव वाचलं. नीट, पुण्यात शिकवलं होतं तसं, सगळे उच्चार सांभाळून. ती गप्प. दुसरं वाचलं. तिनं हात वर केला. "थांब. पहिल्यापासून."

मी पुन्हा पहिलं नाव घेतलं.

"अन्शो," बाई म्हणाली.

इथल्या शाळांत हजेरीला मुलं आयरिश भाषेत असं उत्तर देतात. म्हणजे, इथे आहे, हजर. मी थांबून तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि पाठ बाकावरच्या मुलीसारखी ताठ होती.

"वाच," ती म्हणाली. "त्यातला एक माझा आहे. माझ्याकडून एकही चुकायला नको."

मी दुसरं नाव घेतलं. "अन्शो." तिसरं. "अन्शो." माझा आवाज फुटायला लागला, तशी आबांनी एकदा नुसतं खाकरून मला सरळ केलं. ते हजेरीभर सावधानमध्येच उभे होते. एकतीस नावं वाचून झाली, आणि एकाही नावाला ती गप्प राहिली नाही.